पहिली हाक न ऐकलेली बोलणी

मी साहेबांच्या टेबलाखाली उताणा होतो, मामा, आणि भावोजींनी टाकलेली निळी केबल ओढून पाहत होतो. घट्ट होती. सगळ्याच घट्ट होत्या. (मायना राहिला. नमस्कार पोचला असं धरा, आणि गुडघा कसा आहे ते कळवा.)

"सापडली का ढिली?" वरून साहेब.

"नाही अजून."

"मग जरा जोर लावा."

झालं असं. तारांमधून जाणारी वाहतूक टिपून तिचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम आम्ही बनवतो. दोन यंत्रं बोलायला लागण्याआधी एक विचारतं, आहेस का? दुसरं म्हणतं, आहे, तू आहेस ना? पहिलं म्हणतं, आहे. (आपल्या घरात एवढी रीत कोणी पाळत नाही.) मग बोलणं, शेवटी निरोप. कुठलं बोलणं कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखायचा भाग माझा. साहेबांनी प्रोग्रॅम आमच्याच ऑफिसवर चालवला आणि पडदा लालेलाल झाला. जवळजवळ सगळी बोलणी मोडलेली. तारा भावोजींच्या, म्हणून त्यांचं कंत्राट जाणार असं ठरल्यात जमा होतं.

मी राहतो त्यांच्याच घरी. तरी जेवताना म्हणालो, भावोजी, तारा नीट बसवायला काय होतं? ते भात कालवत राहिले. ताईला राहवलं नाही. "याला घरच्या माणसापेक्षा पडदा जवळचा!" म्हणाली, आणि मग तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. वाढायची, पण भिंतीकडे बघून. (भिंतीला दोनदा विचारलं, आणखी हवं का.)

तर टेबलाखालून निघताना डोकं आपटलं आणि मला विचारायचं सुचलं, "साहेब, टिपायला सुरुवात कधी केलीत?"

"जेवणाच्या सुट्टीनंतर. सगळे कामाला लागल्यावर."

म्हणजे बोलणी आधीच रंगात आलेली. पहिली हाक, ते "आहेस का?", टिपलेल्या फायलीत नव्हतीच, आणि जिथे ती ऐकू आली नाही ते बोलणं मोडलेलं समजायचं, असं मीच प्रोग्रॅमला शिकवलं होतं. मध्यंतरानंतर नाटकाला येऊन, याला पहिला अंक नाही अशी तक्रार करावी, तसं. मी एक नवा टप्पा घातला: मधूनच ऐकलं, बोलणं चालू असावं. लाल रंग ओसरला.

"म्हणजे तारा?" साहेब.

"उत्तम आहेत."

"आणि तुम्ही?"

मी डोकं चोळलं. कंत्राट राहिलं, मामा. घरी पायी आलो, आणि रस्त्यावरची प्रत्येक केबल मला सुंदर दिसली.

ता. क. भावोजींची माफी मागितली. ते हसले, म्हणाले, "ओढून पाहिल्यास ना? बरं झालं." ताई मात्र अजून भिंतीशीच बोलते. ती फक्त तुमचं ऐकते. एक फोन कराल का? पत्र त्यासाठीच होतं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून लिहितो, फोन नको. आज सकाळी स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "उठलास का?"

मी म्हणालो, "उठलो. चहा आहे का?"

ती म्हणाली, "आहे."