अर्धी कातरलेली मेंढी

सोनगीर
२८ मे १९९२

प्रिय रेशमा,

तू रावेरहून पाठवलेली केळी पोचली. ट्रकवाल्याने इतकी जपून आणली की एकही काळी पडली नव्हती. तुझ्या तानुआत्याने सालं मेंढ्यांना घातली, तर आता मेंढवाड्याजवळ कुठलाही ट्रक थांबला तरी त्या माना वर करतात!

ऊन काय सांगू. दुपारी बाभळीखाली मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकं खुपसून उभ्या असतात. पावसाच्या आत लोकर कातरून व्हायला हवी, आणि नेमके यंदा कातरणारे आलेच नाहीत. त्यांच्याकडे लग्नं निघाली. तुझे आबा असते तर एकट्याने कातर धरली असती. शेवटी मी आणि आत्याच बसलो. बोटांना फोड आले. मग शेजारच्या वस्तीवरचा वना आला. तुझ्या लग्नात वाजंत्री थकले तरी नाचत होता, तोच. बायको वारल्यापासून एकटाच असतो. स्वतःची कातर घेऊन आला आणि सरळ मेंढी पुढ्यात घेऊन बसला. तेव्हापासून रोज येतो, आमच्याकडेच जेवतो.

परवा गंमत झाली. म्हणजे आता गंमत वाटते. एका मेंढीची एक बाजू कातरून मी तिला पालटायला तिचे बांधलेले पाय सोडले, तेवढ्यात वावटळ आली. छपराचा पत्रा धाडकन खाली पडला आणि ती उधळली, एका अंगाने उघडी, एका अंगाने लोकरीची. तिच्यामागे सगळा कळप, थेट आग्रा रोडवर! इकडून ट्रक, तिकडून एसटी. वना धावत जाऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हातांनी पागोटं हलवत. ट्रक अगदी त्याच्या छातीजवळ थांबला. ड्रायव्हर शिव्या द्यायला उतरला, पण त्या मेंढीचं रूप बघून हसत रस्त्यातच बसला.

एकाही जनावराला खरचटलं नाही. कळप वळवून आणला आणि मी मात्र वनावरच ओरडले, "मरानं व्हतं का तुले?" तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, असंही तोंडातून निघून गेलं. मग मी घाईने कातर उचलली.

आत्या भाकरी थापत होती. तिने हात थांबवला. म्हणाली, "वना, रोज जेवाले येस. मंग कायमना ऱ्हाय ना आठेच." कायमचा इथेच राहा म्हणे! तिच्या पाठच्या भावाची बायको मी! तिने डोळे पुसले आणि मलाच दटावलं, "भाऊ गया. मन्ही भावजय तं जित्ती शे ना?"

रेशमा, वना हो म्हणाला. मीही म्हणाले. आठ जूनला देवळात, चार माणसांत, पाट लावायचा आहे. तुझी परवानगी मागत नाही, पण तू नसलीस तर मला तिथे नीट उभं राहवणार नाही. आबांचा फोटो भिंतीवरच राहील, हे वनाने मी काही बोलायच्या आधी सांगितलं. लोकांच्या तोंडून तुझ्यापर्यंत काहीबाही पोचण्याआधी माझ्याकडूनच कळावं म्हणून हे लिहिलं. लपवून वाचू नकोस; सासूबाईंनाही वाचून दाखव. जावयांना घेऊन ये. रागावली असलीस तरी ये. भांडायचं तेवढं इथे येऊन भांड, पण आधी गरम भाकरी खा.

रस्त्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई