तुमच्याकडून एक, माझ्याकडून एक

सोलापूर,
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप अण्णांना चंद्रव्वाचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

तुम्ही अक्कलकोटहून पाठवलेला हुरडा पोचला. कोवळा होता, शेंगाचटणीबरोबर पोटभर खाल्ला. थंडीनं माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. फोनच केला असता, पण वहिनी स्पीकर लावून गल्लीला ऐकवतात, म्हणून लिहितेय.

आपला नातू गुरुशांत आता धरून बसवला की बसतो. दीड वर्षाचा झाला, पण डोकं अजून तान्ह्या बाळाएवढंच. मला बघून हसतो मात्र लबाड. माझी थोरली, राजेश्वरी, दिवसभर त्याचंच करत असते. तिला माहेरी धाडताना वहिनी म्हणाल्या, "ग्रहणात इळीवर बसली, म्हनून पोराचं डोकं बारकं ऱ्हायलं की." तुम्ही शेजारी उभे होतात आणि गप्प राहिलात. त्याचा मला फार राग आहे.

विळीचा काही संबंध नाही, अण्णा. पोटात बाळ वाढतं ते एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होत. ही वाटणी नीट व्हायला शरीरात बरेच जीन राबतात. त्यातला एक गुरूमध्ये बिघडलाय, म्हणून मेंदूच्या पेशी पुरेशा झाल्याच नाहीत. या जीनचा अभ्यास अजून फारसा कुणी केलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले. प्रत्येकात त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. गुरूला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या, अगदी एकसारख्या. म्हणजे राजेश्वरीला ती माझ्याकडून आली, तुमच्या मंजुनाथला तुमच्याकडून, आणि आपल्याला आपल्याच आईबापाकडून. बहिणीची मुलगी भावाच्याच घरात द्यायची, याचं आपल्याला केवढं कौतुक होतं!

आता तुमच्या निरोपाचं. राजेश्वरीला सोडचिठ्ठी द्यायची आणि मंजुनाथला धाकटी महेश्वरी करायची.

मी महेश्वरीचंही रक्त तपासून घेतलं. काल निकाल आला. तिच्यातही तोच दोष निघाला, असं तुम्हाला लिहिणार होते. म्हणजे तुम्ही आपणहून मागणी सोडली असती आणि भावाशी वाईटपणा आला नसता. तसं लिहिलंही, मग फाडलं. पोरीच्या रक्ताआड किती दिवस लपू?

महेश्वरीत तो दोष नाही. तिची मुलं या दुखण्यातून सुटतील, मंजुनाथपासून झाली तरी. तुमचा हिशेब बरोबर आहे, अण्णा. तरी मी तिला देणार नाही. थोरलीला उठवून तिच्या जागी धाकटीला बसवणं माझ्याच्यानं होणार नाही.

मंजुनाथ-राजेश्वरीचं पुढचं बाळ नीट होऊ शकतं, पोटात असतानाच तपासताही येतं. त्याला बायकोपोराला न्यायचं असेल तर त्यानं स्वतः यावं, मध्यस्थ नको. नाहीतर गुरू इथंच वाढेल.

आजवर तुमचा शब्द मी खाली पडू दिला नव्हता. हा पहिलाच.

तुमची बहीण, पण आधी या दोन पोरींची आई,
चंद्रव्वा