कामेनने मागितलेली सही

प्लेवेन, १४ ऑक्टोबर २०११

चि. कामेन यास दोब्रिंकाताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझा अर्ज कोर्टाने परत पाठवला. मनाच्या आजारपणात तुझे सगळे हक्क कोर्टाने नेमलेल्या पालकाकडे दिलेत, म्हणून सही पालकाची हवी म्हणे! आणि पालक कोण, तर तुमच्या सरकारी गृहाच्या संचालिकाबाई, ज्यांच्या तावडीतून सुटायला हा अर्ज! कारकुनाला विचारलं, चोराच्या सहीशिवाय चोरीची तक्रारही घेत नाही का? तो बानित्सा खात होता, खातच राहिला. नऊ वर्षं झाली, तू कधीचा बरा झालास, तरी साधे मोजे घ्यायला बाईंची परवानगी. माझं डोकं फुटायची वेळ आलीय.

जेवत जा. कळवत जा.

तुझी ताई

गोर्नो ब्रेस्तो, ५ मार्च २०१२

ती. ताईस कामेनचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेला लाल-पांढरा मार्तेनित्साचा दोरा वसंताचा शकुन म्हणून मनगटावर बांधलाय. बातमी अशी की, आपल्याच देशातल्या, माझ्यासारख्याच एका माणसाच्या बाजूने फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टाने निकाल दिलाय: पालकाखाली ठेवलेल्यालाही स्वतःच्या सहीने कोर्टात जाता आलं पाहिजे. तो जोडून आपल्या वकीलबाईंनी माझा अर्ज पुन्हा दिला. न्यायाधीश म्हणाले, आपल्या कायद्यात हे बसत नाही. वकीलबाई म्हणाल्या, युरोपचा मानवी हक्कांचा करार कायद्याच्या वर आहे, असं आपलीच राज्यघटना सांगते. साहेबांनी तीनदा चष्मा पुसला आणि माझ्या एकट्याच्या सहीचा अर्ज ठेवून घेतला. मी नऊ वर्षं हेच बोलत होतो तर तो भ्रम, फ्रान्सहून छापून आलं की कायदा! संताप होतो गं.

भाऊजींना नमस्कार.

कामेन

प्लेवेन, २ नोव्हेंबर २०१२

चि. कामेन यास अ. उ. आशीर्वाद.

जिंकलास रे! कोर्टाने तुझे हक्क तुला परत दिले! मी स्वयंपाकघरात बसून रडले. आता ऐक. ११ तारखेला, रविवारी सकाळच्या बसने इकडे ये. मागची खोली रिकामी केलीय. तुझ्या भाऊजींनी काचकारखान्याच्या गेटवर तुझी नोकरी ठरवलीय. डॉक्टरही ठरवलाय. केस कापून ये, सिगारेट घरात चालणार नाही.

वाट बघतेय.

ताई

गोर्नो ब्रेस्तो, ६ नोव्हेंबर २०१२

ती. ताईस सा. न. वि. वि.

रविवारी येत नाही. इथेच गावात, मधमाश्या पाळणाऱ्या मिहोकडे एक खोली घेतलीय. भाडेपट्ट्यावर सही माझी.

तू आरडाओरडा करशील, कर. खोली, नोकरी, डॉक्टर, केस, सगळं ठरवलंस, मला एका शब्दाने विचारलं नाहीस. संचालिकाबाईही सगळं माझ्या भल्यासाठीच ठरवायच्या. माझ्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यास, ते जन्मात विसरणार नाही. पण दहा वर्षांनी नाही म्हणायची मुभा मिळाली, आणि पहिलं नाही नेमकं तुला म्हणावं लागतंय, याचं फार वाईट वाटतं. तरी नाहीच.

रागासकट लोभ असू दे.

तुझा कामेन