मत पडायच्या आधी रडायचं नाही

अण्णा, आपला पक्ष मागे आहे म्हणे. निवडणूक अजून लांब आहे, उमेदवारसुद्धा ठरलेले नाहीत, आणि मंगळवारी सगळ्यांच्या फोनवर एक सर्वे येऊन पडला. अंबरनाथमध्ये आपण तिसऱ्या नंबरावर. तुमच्या वेळी असली भाकितं कारखान्याच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर व्हायची आणि चहा संपला की तीही संपायची. आता ती रंगीत तक्त्यांत येतात, म्हणून लोकांना ती निकालासारखी वाटतात. त्या संध्याकाळी बैठकीसाठी मी सतरंजी अंथरली, तर निम्मी रिकामीच राहिली. आले त्यांचेही डोळे फोनमध्ये. आपला एक रिक्षावाला कार्यकर्ता आहे, दर निवडणुकीत हौसेनं स्वतःच्या रिक्षाला भोंगा बांधणारा. तोही म्हणाला, "ताई, रविवारी पालेगावला दारोदार फिरून फायदा काय? पब्लिकचं ऑलरेडी ठरलंय. खाली-पिली चपला झिजवायच्या."

मला राग आला तो सर्वेचा नाही, त्या उतरलेल्या तोंडांचा. मी म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण इथे तांदूळ अजून धुतलेले नाहीत आणि तुम्ही भात कच्चा म्हणून पानावरून उठलात. सर्वे खोटा आहे असं मी म्हणत नाही. मागे पडलेल्यांनी प्रत्येक सर्वे विकत घेतलेला ठरवायचा, ही रीत मला आवडत नाही. आज आपण तिसरे असूही. पण आज मतदान नाही. लोकांना आज काय वाटतं ते त्यांनी सांगितलं, उद्या त्यांना वेगळं वाटावं म्हणून तर आपण आहोत. नाहीतर कार्यकर्ते कशाला व्हायचं, घरी बसून टीव्ही बघावा. एवढं बोलूनही रविवारी कोण येणार, हे कुणी सांगितलं नाही. कुणीच आलं नाही, तर सर्वे खरा करायला आपणच पुरेसे होतो.

घरी येताना तुम्ही आठवलात. मी शाळेतून आलेय, क्वार्टर्सच्या पायरीवर दप्तर टाकून रडतेय, कारण वर्गातल्या मुली म्हणाल्या, तुझ्या बाबांचा पक्ष आपटणार. तुम्ही ड्यूटीवरून आलेले, बूट काढता काढता थांबता. "मत पडायच्या आधी रडायचं नाही," तुम्ही दरडावता. "नंतर रड. मीपण रडेन." आणि चहासुद्धा न घेता मला घेऊन घरोघर निघता. जिथे बसा बसा करत सरबत देतात आणि हसून मान डोलावतात, तिथून तुम्ही लवकर उठता. जिथे बाई नळाला पाणी नाही म्हणून दारातच भांडते, तिथे उंबऱ्याशी बसकण मारता. परतताना मला सांगता, भांडतेय म्हणजे तिला अजून आपल्याकडून आशा आहे.

तुमचा हा हिशेब काही अचूक नव्हता, अण्णा. ती निवडणूक आपण दणकून हरलो. निकालाच्या दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात आईशेजारी लसूण सोलत बसलात आणि बाहीनं डोळे पुसत राहिलात. लसणानं डोळ्यांत पाणी येत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. आईनं आणखी एक गड्डा तुमच्यापुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच बाईच्या नळासाठी नगरपालिकेत गेलात.

रविवारी मी पालेगावला गेले. बिल्डिंगच्या गेटवर रिक्षावाला उभा होता, तोंड वाकडं करून, पण उभा होता. वॉचमनची समजूत घालून आम्ही वर गेलो. दारं अर्धवट उघडत होती, जाळीमागून सगळे गोड हसून नक्की नक्की म्हणत होते, आणि प्रत्येक नक्कीबरोबर माझा धीर सुटत होता. मग एका दारात एक बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मागच्या टायमाला पण आलेलात. टँकरच्या पाण्यानं पोरं आजारी पडली माझी. काय तोंड घेऊन आलात?" रिक्षावाला माझ्या कानात म्हणाला, "ताई, कल्टी मारूया." मी सरळ तिच्या चपलांच्या स्टँडवर बसले. ती भांडत राहिली, शेजारणींना बोलावून भांडली, शेवटी तिनं पाणी दिलं, तेही टँकरचंच. मी प्यायले. सोमवारी तिला घेऊन पाण्याच्या ऑफिसात जाऊन आले. पुढच्या रविवारी सतरंजी भरेल की नाही माहीत नाही, रिक्षाला भोंगा मात्र आत्ताच बांधून झालाय.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. निकालाच्या दिवशी मी रजा घेणार आहे. गुलालासाठी, असं सगळ्यांना सांगितलंय. पण सकाळी बाजारात गेले होते, तेव्हा लसूणही जरा जास्तच घेऊन ठेवलाय.