म्हशीच्या झाकणाची पिन

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, चाळीस वर्षे लेथ मशिनवर टर्नर, हे मृत्युपत्र शेडमागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. धाक कोणी घातलेला नाही. घातला असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनी, आणि त्यांना माझ्या इस्टेटीत रस नाही. सोमवारी ते माझी छाती उघडणार आहेत. साक्षीदार चार वाजता येतील. आता अडीच झाले आहेत, तेव्हा जे काय आवरायचे ते दीड तासात.

कलम १. राहते घर मुलीला. जिन्याची तिसरी पायरी हलते, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

कलम २. लेथ आणि सगळी हत्यारे तंत्रशाळेला. स्क्रू-ड्रायव्हरांना जावयाने हात लावू नये. त्याने माझ्या सगळ्यात चांगल्या स्क्रू-ड्रायव्हरने रंगाचा डबा उघडला होता.

कलम ३. समोरचे टेलरमास्तर बावीस वर्षे शेडच्या दारात स्कूटर लावतात. मी त्यांना माफ करत नाही. आज तेच साक्षीदार आहेत, पण साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, म्हणून बिनधास्त लिहितो.

कलम ४. म्हैस.

म्हैस म्हणजे सहा चाकांची जुनी लष्करी चिलखती गाडी. मी आणि धाकट्या भावाने ती भंगाराच्या लिलावात घेतली, तेव्हा तिच्यात झुडूप उगवले होते. सहा वर्षे खपलो. कातकाम माझे, वेल्डिंग त्याचे. धाकट्याने लावलेला सांधा बोटाने शोधूनही सापडत नसे. मग आम्ही तिला प्रदर्शनांना नेऊ लागलो. बाकीचे मालक गाडीभोवती दोरी लावत, आम्ही शिडी लावायचो. लांबून पाहिली की अशी गाडी शूर दिसते. आत बसले की माणसाला घाम फुटतो. ते लोकांना कळावे म्हणून चढू द्यायचे, हे धाकट्याचे म्हणणे, आणि ते खरे होते.

तिचे वरचे झाकण दोन माणसांनी उचलावे एवढे जड. उघडले की ते उभे राहते एका पिनवर, मधल्या बोटाएवढ्या. आमचा नियम होता. धाकट्याने पिन घालायची आणि ओरडायचे, "लागली!" मग मी वर चढून हात लावायचा आणि म्हणायचे, "पाहिली!" तोवर शिडीवर कोणाला पाय ठेवू देत नसू. लोक हसायचे आम्हाला.

आता लिहितो. पेन दोनदा खाली ठेवले.

जुनी पोलादी पिन भोकात खुळखुळायची. तिला काही होत नव्हते, पण टर्नरला खुळखुळ सहन होत नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी नवी कातायला घेतली, तर त्या मापाचा पोलादी गज संपलेला. पितळेचा होता; पितळ पोलादापेक्षा कच्चे. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, म्हणून पितळ कातले. बसली मात्र अशी, की वाहवा! आणि वरून गाडीचाच हिरवा रंग मारला. तो रंग शोभेसाठी नव्हता. धाकट्याला पितळ दिसले असते, तर त्याने म्हशीला शेडबाहेर काढू दिले नसते.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "लागली!" मी हात लावला आणि म्हणालो, "पाहिली!"

अकरा वाजता दोन दांडगट झाकणाला लोंबकळले. पिन तुटली. झाकण आपटले त्या कडेवर एका दहा वर्षांच्या मुलीचा डावा हात होता. तिची दोन बोटे गेली.

गर्दी तिच्याभोवती असताना मी गवतातून पिनचे दोन्ही तुकडे उचलले आणि खिशात घातले. प्रदर्शनाच्या समितीने विचारले, पिन कोणी लावली? मी म्हणालो, "ते काम धाकट्याचं." हे खोटे नव्हते, म्हणून ते सगळ्यांना पटले. त्यालाही पटले. "पूर्ण आत गेली नसेल माझ्याकडून," एवढेच तो बोलला. त्याने वेल्डिंग सोडले. आता एका गोदामावर पहारेकरी आहे. शेजारच्या गल्लीत राहतो, पण नऊ वर्षांत या शेडची पायरी चढलेला नाही. मी दर महिन्याला जातो, चहा पितो, हवापाण्यावर बोलून परत येतो. मी नालायक माणूस आहे.

गेल्या आठवड्यात ती मुलगी शेडवर आली. एकोणीस वर्षांची झाली आहे. म्हणाली, "काका, मला आत बसायचंय. त्या दिवशी राहूनच गेलं." मग विचारले, "पिन कुणी लावली होती?"

मी पुन्हा तेच सांगितले. जिभेला सवय झाली आहे.

"मग त्यांना भेटते एकदा. राग नाही माझा. तेवढं सांगून येते."

ती जाणार, आणि तो न केलेल्या गुन्ह्यासाठी तिच्यापुढे हात जोडून उभा राहणार. मी तिला थांबवले. म्हणालो, शनिवारी चारला ये, एका कागदावर सही हवी आहे, मग जा.

म्हणून : म्हैस माझ्या पश्चात धाकट्याला. लोकांना चढू द्यायचे की नाही, हे त्याने ठरवावे. पितळेचे दोन तुकडे टेबलाच्या खणात, काडेपेटीत आहेत. तेही त्याला. हा मजकूर त्याला माझ्या पश्चातच वाचून दाखवावा.

पुरवणी. त्याच दिवशी, सव्वापाच वाजता.

टेलरमास्तरांनी न वाचता सही केली आणि स्कूटर घेऊन गेले. पोरगी म्हणाली, "वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही." मी कागद ओढला, तिने तो सोडला नाही. उभ्याने वाचला. कलम ४ दोनदा वाचले.

"मेल्यावर कशाला?" ती म्हणाली. "शेजारच्याच गल्लीत राहतात ना? आत्ता बोलवा. नाहीतर मी सही करणार नाही, आणि बोलवायचं कामही मीच करीन."

मी फोन केला. धाकटा गोदामाच्या गणवेशातच आला. मी काडेपेटी पुढे केली. त्याने तुकडे जुळवले. नखाने रंग खरवडला.

"पितळ?" तो म्हणाला. "दादा, तू पितळ कातलंस?"

मी मान हलवली.

"नऊ वर्षं मी झोपेतसुद्धा ती पिन आत दाबतोय रे."

मला वाटले मारेल. मारले असते तर बरे झाले असते. तो उठून शेडमध्ये गेला. पोरगीने सही केली आणि ती त्याच्या मागे गेली.

वर "माझ्या पश्चात" हे शब्द दोन्ही ठिकाणी मी खोडले आहेत. म्हैस आजपासून त्याची. खोडाखोड माझीच, तिने सही करण्याआधी तिच्यासमोर केलेली.

जुनी पोलादी पिन शेडमध्येच खिळ्याला टांगलेली असते. आत्ता तिची खुळखुळ ऐकू आली, मग झाकणाचा आवाज. आणि आता तो ओरडला आहे, "लागली!"

पुढचा शब्द माझा आहे. तो बसल्या जागेवरून म्हणता येत नाही, वर चढून हात लावावा लागतो. डॉक्टरांनी जिने चढू नका असे सांगितले आहे. पोरगी शिडीपाशी थांबली आहे, म्हणून इथेच संपवतो आणि उठतो.

सही : थोरला, टर्नर
साक्षीदार १ : समोरचे टेलरमास्तर (न वाचता)
साक्षीदार २ : त्या दिवशीची मुलगी (वाचून, कागद डाव्या हाताने धरून)
स्थळ : शेडमागची खोली
दिनांक : शनिवार, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी