पातळ होत गेलेली फळी

आबुनो, माक्तान बेट
१४ ऑक्टोबर, रविवार

प्रिय मानोय डेल्फिन,

तुझा निरोप मिळाला. आम्ही दोघं बरे आहोत. कोंबड्या वाढल्या, छपराचं काम राहिलंच. मकाऊच्या त्या हॉटेलात तुमच्या बँडला पुन्हा वर्षभराचं काम मिळालं, हे वाचून बरं वाटलं. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं म्हणणं अर्धं राहतं.

आमच्या कारखान्यातल्या स्वस्त आणि महागड्या गिटारीत खरंच तेवढा फरक असतो का, असं तू विचारलंस. दोन्ही माझ्या टेबलावरून तपासून जातात, म्हणून सांगते.

स्वस्त गिटारीची वरची फळी प्लायची. ती पावसाला दाद देत नाही आणि तारांनाही फारशी देत नाही. सूर निघतो, पण लगेच विझतो. महागडीची फळी अखंड लाकडाची, दमटपणा कायम एकसारखा ठेवलेल्या खोलीत मुरवलेली. हळू वाजवलंस तर ती हळूच बोलते, जोरात वाजवलंस तर आवाज फाटत नाही. किंमत जितक्या पटीनं जास्त आहे तितक्या पटीनं आवाज चांगला नाही. तसं कुणी सांगितलं तर तो विकणारा आहे, असं समज. बरेच पैसे शिंपल्याच्या नक्षीचे आणि नावाचे असतात. तरीही तुझं पोट वाजवण्यावर आहे. महागडी घे.

तुझा शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला. तातायकडून, म्हणजे आपल्याच बापाकडून, त्यांना कळू न देता, दुसऱ्याच्या नावानं एक गिटार करून घेऊ का, असं तू लिहिलं आहेस. तसं करू नकोस. कारण सांगते.

तुला नीट उत्तर द्यायचं म्हणून मागच्या रविवारी मी कारखान्यातून दोन गिटारी मागून आणल्या. तातायना अंगणात बाकावर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं.

"परीक्षा घेतेस का गं बापाची?"

"गिटारींची घेते. बसा गुपचूप."

आधी स्वस्त वाजवली. तपासणीत नापास झालेली होती; मानेवरची एक फ्रेटपट्टी नीट बसलेली नसल्यामुळे बारीक तार झणझणत होती. कुंपणापलीकडून मानांग पासिंग ओरडली, "रोसेल, गिटारीत झुरळ शिरलंय का गं? हाकल की त्याला!" ती तिच्या दुकानात पर्यटकांच्या घोळक्यात उभी होती, तरी तिला ऐकू गेलं. ताताय मान डोलवत होते.

"हिला धार आहे," ते म्हणाले.

मग महागडी वाजवली. त्यांनी तोंड वाकडं केलं. "अळणी. भात आहे, मीठ नाही."

शेवटी त्यांची स्वतःची, याच महिन्यात झालेली, फणसाच्या लाकडाच्या अंगाची. ती इतकी टोकदार वाजली की माझे दात शिवशिवले. ते खुशीत हसले. "बघ. ही खरी!"

"ताताय, पहिलीची तार झणझणत होती."

"तुझ्या कारखान्यातली ना? झणझणणारच," असं म्हणून त्यांनी रंधा उचलला.

ते कामात असताना मी घरातल्या सगळ्या गिटारींच्या वरच्या फळ्या मोजल्या. जितकी नवी गिटार, तितकी फळी पातळ. बारीक तारेचा सूर कानावर पडेपर्यंत ते लाकूड तासत राहतात, आणि तो सूर त्यांच्या कानापासून लांब लांब चालला आहे. पर्यटकांना मोठा, खणखणीत आवाज आवडतो, म्हणून तातायच्या गिटारी विकणारं पासिंगचं दुकान जोरात आहे. "तुझ्या बापाचा हात म्हातारपणी खुलला," असं ती सगळ्यांना सांगते. पण गेल्या वर्षीच्या काही गिटारींची फळी तारा बांधतात तिथे खाली बसू लागली आहे. तशी एक तुझ्या हातात आली असती तर पहिल्याच सुराला तुला कळलं असतं. ते लाकडाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

मी त्यांना सेबू शहरात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. "पोरीची कटकट ऐकू येत नाही हे देवाचं देणं आहे, औषध देऊ नका," असं त्यांनी डॉक्टरांना हसत सांगितलं. तपासणी झाल्यावर मात्र हसले नाहीत. वरचे सूर गेले आहेत, ते परत येणार नाहीत. खालचे अजून शाबूत आहेत. ते किती काळ राहतील, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

परत येताना जीपनीत ते म्हणाले, "डेल्फिनला कळवू नकोस."

"का?"

"तो म्हणेल, म्हाताऱ्याचा कान तेव्हाच गेला होता. मी उगाच नाही दुसऱ्याची गिटार घेतली."

म्हणजे गावच्या फिएस्टाची ती संध्याकाळ अजून त्यांच्या मनात आहे. त्यांनी तुझ्यासाठी केलेली गिटार खुर्चीवर ठेवून तू उसनी, परदेशी गिटार घेऊन स्टेजवर चढलास. सगळं गाव बघत होतं. त्यानंतर तू गेलास, आणि तुम्ही दोघं माझ्यामार्फत एकमेकांची तब्येत विचारता.

ती गिटार आतल्या खोलीत आहे. तीही मी मोजली. कारखान्यातल्या महागडीशेजारी बसवून प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट तपासली. फळी हवी तेवढीच जाड आहे, सूर शेवटपर्यंत खरा आहे. जी महागडी मी तुला घ्यायला सांगते आहे, तिच्यापेक्षा ती कुठेही उणी नाही. तेव्हा त्यांचा कान उत्तम होता. तू चुकलास.

मी हे त्यांना सांगितलेलं नाही. माझ्या मोजमापाचा त्यांना काही उपयोग नाही. हे तू सांगायला हवंस, त्यांच्यासमोर बसून, आणि येत्या नाताळपर्यंत. ओरडू नकोस, ओरडताना तुझा आवाज वरच्या सुरात चढतो. तुझा नेहमीचा जाड आवाज त्यांना अजून ऐकू येईल.

तुझी धाकटी बहीण,
रोसेल