झोंबणारं औषध

प्रिय आचल,

पट्टी सोडता सोडता तुझी माय थांबली आणि तिने माझा पाय दाराच्या उजेडाकडे वळवला. अंगठ्यावरचा शेवटचा काळा तुकडा पट्टीबरोबर सुटून आला होता. खालचं मांस लाल, ताज्या मासोळीच्या कल्ल्यासारखं. ती रडू लागली. मी म्हटलं, "वाचला न अंगठा, आता काऊन रडून राहिली?"

तू मलम पाठवलंस तेव्हा फोनवर समजावलं होतंस. मांस ज्या धाग्यांनी धरून राहतं ते कोलॅजन, आणि मलमातलं विकर, म्हणजे तुझं ते एन्झाइम, मेलेल्या मांसाचे तेवढे धागे तोडतं. पाय सडवणाऱ्या जंतूंच्या घराण्यातूनच ते काढलेलं. मला पटलं होतं. फाटलं जाळं विणताना आपणही आधी कुजलेला दोर कापतो, मग गाठ मारतो.

पण मलम झोंबेना. न झोंबणारं औषध कसलं, म्हणून मी रोज आधी जखमेवर आयोडीनचं तांबडं औषध ओतायचो. माय नको म्हणायची. बारा दिवसांत काही फरक नाही. गोंदियाच्या डॉक्टरांनी अंगठा कापायची तारीख दिली. त्याच दिवशी तुझा फोन आला आणि मी बोलून गेलो, "तुझं औषध फुकट गेलं, पोरी."

दोन दिवसांनी दवाखान्यात पट्टी करणाऱ्या नंदाबाईने तांबडा कापूस पाहिला. "देवाजीभाऊ, तुम्हीच मारलं न औषधाले! आयोडीन लागलं का हे काम नाही करत. नुसत्या सलाईनच्या पाण्यानं धुवा." तसं केलं. आठवड्यात काळं सुटायला लागलं, डॉक्टरांनी तारीख रद्द केली.

तुला मी फक्त 'बरा आहे' एवढंच कळवलं. कारण त्या फोनवर तू म्हणाली होतीस, ज्या विकरावर तीन वर्षं घातली ते बापाच्याही कामी आलं नाही, आता नागपूरची प्रयोगशाळा सोडून नवेगावलाच येते. मला ते आवडलं. संध्याकाळी बांधावर बसायला सोबत होईल, असं वाटलं. मायने आज पट्टी बांधून झाल्यावर बजावलं, "पोरीले खरं सांगा, नाहीतर मी सांगतो."

तर खरं हे. औषध चांगलं होतं, चूक माझी. प्रयोगशाळा सोडू नकोस. दिवाळीला ये, पण परतीचं तिकीट काढून ये.

तुझाच,
बाबा

ता. क. सकाळी मायने पत्र वाचलं. पाकीट माझ्या हातून घेऊन तिनेच डिंक शोधला, आणि टाकायलाही तीच निघाली आहे.